तिकीट माफ, तरी ती आली नाही: सायबर सुरक्षेच्या परिषदा भरवताना या चुका टाळा

"महिलांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या, पण अर्जच आले नाहीत." परिषद उरकल्यावर संयोजकांच्या बैठकीत हे हमखास ऐकू येतं. मग कुणीतरी म्हणतं, या क्षेत्रात बायकांना रसच नाही. रस असतो, पैशांचं गणित जमत नसतं.

तिकीट म्हणजेच खर्च, हा समज

प्रवास, मुक्काम, बिनपगारी रजा हे सगळं तिकिटाबाहेरच राहतं. शिवाय ब्लॅक हॅटसारख्या परिषदेत प्रशिक्षणवर्ग, भाषणं आणि कंपन्यांची दालनं यांचे पास वेगवेगळे असतात. तुमचा 'मोफत पास' फक्त दालनांपुरता असेल, तर ते जाहिरातीतच लिहा. २०१२ साली अंबरीन सिराज यांनी सुरू केलेल्या 'विमेन इन सायबरसिक्युरिटी' या संस्थेची विद्यार्थिनींसाठीची शिष्यवृत्ती नोंदणीपुरती नसते, मुक्काम आणि जेवणही त्यात धरतात. मदतीचं पॅकेज आखताना तो नमुना समोर ठेवावा.

'आधी तुम्ही भरा, नंतर बिलं पाठवा'

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण कागदावर ती चूक वाटतच नाही. मदत मंजूर, रक्कम पुरेशी, पत्रही गेलेलं. आणि आठवडाभर आधी मेल येतो: 'काही कारणानं जमणार नाही.' ते कारण बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाची मर्यादा असते. विद्यार्थिनीकडे कार्डच नसतं. नोकरी बदलण्याच्या मधल्या काळात असलेलीकडे दोन महिने पैसे अडकवून ठेवायची सोय नसते. हे लिहून कळवण्यापेक्षा 'जमणार नाही' लिहिणं सोपं जातं.

उपाय साधा आहे: प्रवासाचं आणि खोलीचं बुकिंग संयोजकांनीच करायचं. तरीही एक खड्डा राहतो. खोलीचं भाडं भरलेलं असलं, तरी हॉटेलच्या काउंटरवर अनामत रकमेसाठी कार्ड मागतात. रात्री अकराला, अनोळखी शहरात. म्हणून सगळं बिल आयोजकांच्या नावे असेल आणि पाहुणीकडून अनामत घ्यायची नाही, हे हॉटेलकडून आधीच लेखी घ्या. वरखर्चाची रक्कम निघण्यापूर्वीच तिच्या खात्यात जमा करा. खजिनदार विचारेल, "पैसे घेऊन आलीच नाही तर?" मोठा खर्च तुम्हीच थेट केलात, तर बुडण्यासारखी रक्कम फारशी उरत नाही. तिकीट मात्र तारीख बदलता येईल असंच काढा.

निकाल उशिरा लावणं

सवलतीच्या तिकिटांची मुदत संपल्यावर मदतीचा निकाल लागला, तर नकार मिळालेलीला दुहेरी फटका बसतो. परदेशातून येणारीला व्हिसासाठीही वेळ लागतो, तेव्हा निमंत्रणपत्र निकालासोबतच पाठवा.

गरिबी सिद्ध करायला लावणारा अर्ज

'तुम्हाला मदत का हवी?' यावर निबंध आणि वर पगाराच्या स्लिपा! तेही माहितीच्या सुरक्षेवर भाषणं ठेवणाऱ्यांनी, समितीतल्या सगळ्यांना उघडता येणाऱ्या फॉर्मवर. दोनच प्रश्न पुरतात: कशासाठी आणि किती रक्कम लागेल. अर्ज दोघांनीच वाचावेत आणि निकालानंतर पुसावेत. मदत घेतलेल्यांना वेगळ्या रंगाचा बिल्ला किंवा मंचावर फोटो, असलं काही नको.

वक्त्या फुकट बोलावणं

'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' हे मानधन नव्हे. पायथॉन या संगणकीय भाषेच्या अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत वक्ते आणि संयोजकही तिकीट काढतात, पण तिथे आर्थिक मदतीची स्वतंत्र सोय असते. तशी सोय नसताना फक्त पहिला अर्धा नियम उचलू नका.

नोकरीतल्या महिलेला कागद न देणं

सीआयएसएसपी हे माहितीच्या सुरक्षेतलं व्यावसायिक प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत १२० सीपीई, म्हणजे व्यवसायात शिकत राहिल्याचे, गुण लागतात आणि परिषदेतले तास त्यात मोजता येतात. हजेरीचं, तासांचा उल्लेख असलेलं पत्र आणि आधीच पाठवलेला खर्चाचा तक्ता हातात असला, की साहेबांकडे पैसे मागताना ती सहल वाटत नाही.

मुलांचा प्रश्न फक्त पाळणाघरानं सोडवणं

सभागृहातलं पाळणाघर चांगलंच, पण तान्ह्याला घेऊन प्रवास करणं दर वेळी शक्य नसतं. घरी मुलं किंवा आजारी माणूस सांभाळायला कुणी ठेवावं लागलं, तर तोही खर्च मंजूर यादीत धरा आणि तसं अर्जातच छापा. छापलं नाही, तर कुणी मागत नाही.