पहिली स्की घेताना या चुका टाळा: पैसे आधी बुटात घाला

न्यू जर्सी, बॉस्टन, टोरांटो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत नोव्हेंबर लागला की एक प्रश्न निघतोच. मागच्या हिवाळ्यात दोन-तीनदा भाड्याच्या सामानावर स्कीइंग केलं, मजा आली. आता स्वतःची स्की घ्यायची आहे, पण बजेट बेताचं आहे. मग कोणती घ्यावी? ज्याला-त्याला विचारलं की ब्रँडची नावं कानावर पडतात: रॉसिन्योल, ॲटॉमिक, हेड, एलान, के-टू. सगळ्या कंपन्या नवशिक्यांसाठी चांगल्या स्की बनवतात, त्यामुळे पहिल्या जोडीला ब्रँडने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते बाकीच्या गोष्टींनी. आधी काय घ्यायचं, कुठून घ्यायचं आणि ते बसवून कोणाकडून घ्यायचं, हे ठरवताना चुका होतात.

स्की आधी, बूट नंतर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

दुकानात डोळ्यांत भरते ती स्की. तिच्यावर पाचशे डॉलर खर्च होतात आणि मग उरलेल्या शंभरात कुणाचे तरी वापरलेले बूट घेतले जातात. व्हायला हवं याच्या उलट. वळायचं ठरवता तुम्ही, पण ते स्कीपर्यंत पोचतं नडगीतून आणि पावलातून, म्हणजे बुटातून. बूट सैल असेल तर तुमचा पाय आत वळतो आणि स्की सरळच जाते. मग माणसाला वाटतं, आपल्याला जमत नाही. ऐन तिशी-चाळिशीत शिकायला उतरलेल्या कितीतरी जणांनी एवढ्या एका कारणाने हा खेळ सोडला असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाड्याच्या दुकानात बहुतेकांना एक माप मोठा बूट मिळतो, कारण तो घालताना त्रास होत नाही आणि रांग पुढे सरकते. तेच माप डोक्यात ठेवून नवीन बूट घेऊ नका. स्की बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. भिंतीला टाच लावून उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. 26.3 सेंटिमीटर आलं तर 26.5 पासून सुरुवात करा, 28 पासून नाही. बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 या दोन्ही मापांचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच एकच असतं. त्यामुळे अर्ध्या मापावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कवच बरोबर आहे का ते बघा.

ते बघायची पद्धत सोपी आहे. आतला मऊ लाइनर काढून ठेवा आणि नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे हलकी टेकवा आणि मागे टाच व कवच यांच्यात किती जागा राहते ते पाहा. एक ते दीड बोट मावलं तर ठीक. तीन बोटं मावली तर तो बूट मोठा आहे, मग तो कितीही स्वस्त मिळत असो. लाइनर परत घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. नवीन बूट पहिल्यांदा घट्टच वाटतो. लाइनर पुढे दबतो आणि सैलावतो, म्हणून दुकानात अगदी आरामशीर वाटणारा बूट काही आठवड्यांत ढिला होतो.

रुंदीकडेही लक्ष द्या. बुटाचा लास्ट, म्हणजे पंजापाशी आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये दिलेला असतो: 98 म्हणजे अरुंद, 100 मध्यम, 102 ते 104 रुंद. चपला-सँडल घालून वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांचे पाय पंजापाशी रुंद असतात. अशा पायाला अरुंद बूट दिला की तो चावतो, मग दुकानदार एक माप मोठा दाखवतो, तो लांबीला जास्त होतो आणि आपण पुन्हा सैल बुटात येऊन पडतो. रुंद लास्टचाच बूट मागा.

फ्लेक्स म्हणजे बूट किती कडक आहे त्याचा आकडा. नवशिक्या बाईसाठी साधारण 60 ते 80, पुरुषासाठी 70 ते 90 पुरतो, वजन जास्त असेल तर थोडा वर. हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा मोजलेला नसतो, म्हणून स्वतः गुडघा पुढे रेटून पाहा. 120-130 चा बूट सवलतीत मिळतोय म्हणून घेऊ नका. तो वाकणारच नाही आणि तुम्ही दिवसभर मागे कलून उभे राहाल.

आणि मोजा एकच, पातळ, स्कीइंगचा. आईने पाठवलेले लोकरीचे जाड मोजे घरात घाला. दोन मोजे घातले की रक्त दबतं आणि पाय उलट जास्त गारठतात.

पहिल्याच वर्षी सगळं विकत घेणं

बजेट खरंच कमी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: यंदा फक्त बूट घ्या आणि स्की भाड्याने. दिवसाच्या भाड्यापेक्षा सीझनचं भाडं घ्या. उत्तर अमेरिकेत बरीच दुकानं शरद ऋतूत स्की, बाइंडिंग (बूट स्कीवर अडकवणारा खटका), पोल (हातातल्या काठ्या) असा संच पूर्ण हिवाळ्यासाठी देतात आणि वसंतात परत घेतात. वाढत्या मुलांसाठी तर याशिवाय दुसरा विचारच करू नये, कारण पुढच्या वर्षी त्यांना ना ते बूट होणार ना ती स्की. नवशिक्याची पातळीही पहिल्या हिवाळ्यात झपाट्याने बदलते. डिसेंबरमध्ये जी स्की बरी वाटते ती मार्चपर्यंत फार मऊ वाटू लागू शकते.

भारतातून गुलमर्ग किंवा औलीला शिकायला जाणाऱ्यांनी तर काहीच विकत घेऊ नये. गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगच्या आणि औलीतल्या गढवाल मंडळ विकास निगमच्या कोर्समध्ये सामान मिळतं. वर्षातून एक आठवडा बर्फावर जाणाऱ्याने मुंबई-पुण्याच्या दमट कपाटात स्की ठेवली की तिच्या पोलादी कडा गंजणारच.

स्वॅपमध्ये नुसती किंमत बघणं

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत स्की क्लब आणि स्की पॅट्रोल (उतारांवर सुरक्षा बघणारी पथकं) जागोजागी स्वॅप, म्हणजे वापरलेल्या सामानाचे बाजार, भरवतात. जर्मनी, ऑस्ट्रियात त्यालाच स्कीबाझार म्हणतात. कमी पैशांत चांगलं सामान मिळायची ही उत्तम जागा आहे आणि चुकीचं सामान गळ्यात पडायचीही. तीन प्रकारांपासून दूर राहा.

एक, जुन्या सरळ स्की. 1993 साली स्लोव्हेनियाच्या एलानने एससीएक्स ही मधे कंबर असलेली स्की बाजारात आणली आणि त्या दशकाच्या अखेरपर्यंत सगळा धंदाच बदलला. त्याआधीच्या स्की जवळजवळ सरळ आणि दोन मीटरच्या आसपास लांब असायच्या. त्यांच्यावर वळायला शिकणं फार कष्टाचं होतं. वीस डॉलरलाही ती घेऊ नका.

दोन, शर्यतीच्या स्की. क्लबमधली मुलं दरवर्षी त्या विकतात आणि दिसायला त्या चकचकीत असतात. पण त्या कडक असतात, वेग असेल तरच वाकतात, आणि जायंट स्लॅलम या मोठ्या वळणांच्या शर्यतीची स्की तर तीस मीटर त्रिज्येचं वळण घेण्यासाठी बनवलेली असू शकते. बनी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या सौम्य उतारावर, त्या तुमचं काहीच ऐकणार नाहीत.

तीन, आणि हे कुणी सांगत नाही, जुनं बाइंडिंग बसवलेली चांगली स्की. बाइंडिंगच्या कंपन्या ठराविक मॉडेलांचीच कायदेशीर हमी दुकानांना देतात आणि ती यादी दरवर्षी बदलते. यादीतून गेलेल्या बाइंडिंगला अमेरिकेतलं दुकान हात लावत नाही. पन्नास डॉलरला घेतलेली स्की मग तशीच घरी परत येते, किंवा नव्या बाइंडिंगचे आणि बसवण्याचे दीडशे-दोनशे डॉलर त्यावर चढतात. म्हणून विकत घ्यायच्या आधी बाइंडिंगच्या नावाचा फोटो काढा आणि जवळच्या दुकानाला विचारा. शिवाय हल्लीच्या बऱ्याच बुटांना चालायला सोपा, किंचित वळलेला ग्रिपवॉक तळ असतो. फक्त जुन्या सपाट तळासाठी केलेल्या बाइंडिंगमध्ये तो चालत नाही. बूट आधी घ्या म्हणण्याचं हेही एक कारण आहे: बूट हातात असला की त्याच्याशी जुळणारं बाइंडिंग शोधता येतं.

वापरलेली स्की बघताना दोन्ही उलट्या करा. कडेवर वरवरचा गंज चालतो, तो घासून जातो. पण कड घासून घासून बारीक झाली असेल तर पुढे धार लावायला काही उरलेलंच नाही. तळाला ओरखडे चालतात. आतलं लाकूड दिसेपर्यंत खोल खड्डा असेल, किंवा बाजूची भिंत आणि वरचा थर यांच्यात फट पडली असेल, तर खाली ठेवून द्या. वापरलेले बूट दहा वर्षांपेक्षा जुने असतील तर घेऊच नका. प्लास्टिक आतून ठिसूळ होतं आणि थंडीत, उतारावरून जाता जाताच तडकतं. वापरलेलं हेल्मेटही नको, आधीचा आपट त्याच्यावर दिसत नाही.

माझ्या मते काटकसरी नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला सौदा म्हणजे दुकानांनी मार्च-एप्रिलमध्ये विकायला काढलेल्या भाड्याच्या स्की. वापर दिसतो, पण देखभाल झालेली असते, आणि त्यांचं बाइंडिंग रुळावर सरकवून वेगवेगळ्या बुटांना बसवता येतं, नवी भोकं पाडावी लागत नाहीत. थोड्या जड असतात, तेवढंच.

लांबी आणि रुंदी

इथे फार डोकं खपवू नका. उभी केलेली स्की हनुवटी आणि नाक यांच्या मधे कुठेतरी आली की झालं. वजन कमी असेल तर हनुवटीकडे, जास्त असेल तर नाकाकडे. स्कीवर 121-74-103 असे तीन आकडे असतात, त्यातला मधला म्हणजे कंबर. पूर्व किनाऱ्यावर बर्फ टणक असतो, पाऊस पडून पुन्हा गोठलेला असतो. तिथे 72 ते 82 मिलिमीटर कंबर कडेवर लवकर चढते. कोलोराडो-युटाहमधल्या मित्राने 100 मिलिमीटरची स्की सुचवली असेल तर ती त्याच्या मऊ, खोल बर्फासाठी आहे.

स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः डिन लावणं

आपल्याकडे घरातली दुरुस्ती घरीच करायची चांगली सवय आहे, पण इथे ती बाजूला ठेवा. पडताना स्की पायातून कधी सुटायची हे बाइंडिंगवरचा डिनचा आकडा ठरवतो. तो काढायला वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता, एवढं लागतं. वय 50 किंवा त्यापुढे असेल तर आकडा आणखी खाली येतो. दुकानाच्या फॉर्मवर वजन कमी लिहू नका आणि किती जोरात स्की करता त्याचे जे गट असतात, त्यांत स्वतःला मधल्या गटातही घालू नका. नवशिक्या म्हणजे पहिला गट. आकड्याबरोबरच टाचेकडचा पुढे रेटणारा दाब बुटाप्रमाणे लावावा लागतो, आणि सगळं नीट सुटतं का हे दुकान यंत्रावर तपासतं. याचे तीस ते साठ डॉलर वाचवायच्या यादीत कधीच घालू नका. बूट बदलला, वजन बरंच बदललं किंवा नवा हिवाळा आला की पुन्हा तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र समजून असा. साधं बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी बनलेलं आहे. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची हमी ते देत नाही. मागे झुकून पडताना उठायची धडपड करू नका, पडून जा.

सामान घेतलं, तरी त्रास होतोय

बोटं पुढे आपटत असतील तर बूट मोठा आहे असं लगेच ठरवू नका. आधी टाच खाली आपटून मागे बसवा, मग घोट्यावरचं बकल लावा, मग बाकीची. तरीही आपटली तर पाय आत पुढे सरकतोय, म्हणजे बहुधा बूट मोठाच आहे.

पाय बधिर होत असतील तर पावलावरची बकलं एक खाच सैल करा आणि वरची, नडगीकडची, घट्ट करा. थर्मल पँट बुटाच्या आत गेली असेल तर ती बाहेर काढा. नडगी दुखण्याचं निम्मं कारण तीच घडी असते.

साध्या साध्या पडण्यात स्की सुटत असेल तर बुटाखाली चिकटलेला बर्फ पोलने खरवडून मगच बूट अडकवा. तरी सुटत असेल तर डिन वाढवू नका, दुकानात न्या, दाब चुकलेला असू शकतो. उलट, जोरात पडूनही स्की सुटली नाही तर त्याच दिवशी थांबा आणि तपासून घ्या.

टणक बर्फावर स्की बाजूला घसरत असेल तर कडा बोथट आहेत, धार लावून घ्या. सपाट भागावर सगळे पुढे जातात आणि तुम्ही अडकता, तळ पांढरट-कोरडा दिसतो, तर वॅक्स संपलंय. दिवस संपल्यावर कडा कपड्याने कोरड्या पुसा आणि स्की गाडीच्या डिकीत ओल्या राहू देऊ नका. बुटाचे लाइनर काढून वाळवा, हीटरवर ठेवू नका. सुकलेला लाइनर परत बसवला की सगळी बकलं हलकी लावून बूट ठेवा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही.