दवबिंदूचे थेंब आटले? या चुका टाळा

दवबिंदूचं रोप, म्हणजे ड्रॉसेरा, बहुतेक वेळा मरतं ते लाडानं. गुलाबाला जे मानवतं तेच आपण प्रेमानं त्यालाही देतो: नळाचं पाणी, सुपीक माती, वर मूठभर शेणखत. पण ही वनस्पती मूळची दलदलीतली. तिथल्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. ते ती पानांवरच्या केसांच्या टोकाला असलेल्या चिकट थेंबांत अडकलेल्या किड्यांतून मिळवते. मुळांना कसदार जमिनीची सवयच नाही. क्षार आणि खत त्यांना सोसत नाही.

म्हणून आधी पाणी तपासा. माझं पहिलं रोप ड्रॉसेरा कॅपेन्सिसचं होतं, लांब पट्टीसारख्या पानांचं. दोन महिने ते नळाच्या पाण्यावर तगलं. मी रोज पानं न्याहाळायचो, कुंडीकडे मात्र लक्षच गेलं नाही. तिच्या काठावर पांढरी पापडी धरली होती आणि उमलणारं प्रत्येक नवं पान अर्ध्यातच तपकिरी पडत होतं. ती पापडी म्हणजे साठलेले क्षार. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात आणि दर आठवड्याला वाढत जातात.

पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या खाली हवा. घरातल्या आरओमधून पुष्कळदा याहून जास्त क्षारांचं पाणी येतं, कारण चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. तेव्हा मीटर लावून बघाच. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, विरघळलेलं मीठ जात नाही. मिनरल वॉटर तर नकोच. चूक होऊन गेली असेल तर रोप ताज्या माध्यमात, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायच्या मिश्रणात, हलवा. ते जमत नसेल तर वरून भरपूर डिस्टिल्ड पाणी ओतून कुंडी दोन-तीनदा धुऊन काढा. एरवी कुंडीखालच्या ताटलीत एक-दोन सेंटिमीटर पाणी राहू द्या.

माध्यम म्हणून खत न मिसळलेलं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं घ्या. कोकोपीटमध्ये मीठ असू शकतं, त्यामुळे ते नीट धुतल्याशिवाय वापरू नका. कुंडी प्लास्टिकची बरी. मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात.

पाणी चांगलं आहे, तरी थेंब नाहीत? मग बहुधा ऊन कमी पडतंय. पानं हिरवीगार, लांबुळकी आणि कोरडी दिसली तर हेच कारण. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळालं की बहुतेक जातींचे केस लालसर होतात आणि प्रत्येक टोकावर डिंकासारखा थेंब चमकू लागतो. फक्त सावलीतलं रोप एकदम कडक उन्हात ठेवू नका, आठवडाभरात हळूहळू सरकवा. नुकतंच आणलेलं रोपही काही दिवस थेंब धरत नाही. त्याला वेळ द्या.

ओलाव्यासाठी ते काचेच्या बंद बरणीत कोंडू नका. उन्हात बरणी तापते, सावलीत बुरशी येते. वारंवार फवारणी केली तर चीक धुऊन जातो.

खाऊ घालायची हौस मी समजू शकतो, केस हळूहळू किड्यावर वाकताना बघण्यासारखं दुसरं काही नाही. पण मांस किंवा चीज देऊ नका, ते पानावर सडतं. चिलटाएवढा किडा पुरे. घरात किडे नसतील तर माशांच्या खाद्याचा ओला केलेला कण महिन्यातून एक-दोनदा द्या. एखादं जुनं पान काळं पडलं तर घाबरू नका, पानांचं आयुष्य तेवढंच असतं. नवी पानं मात्र वेडीवाकडी येत असतील तर भिंग घेऊन मावा ही बारीक कीड शोधा. सापडला तर अख्खी कुंडी दिवसभर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा.

आणि जात कोणती ते माहीत करून घ्या. ड्रॉसेरा इंडिका मुळातच वर्षायू: फुलतं, बी धरतं आणि वाळतं. ते बी जपून ठेवा आणि पेरताना मातीआड करू नका, रुजायला उजेड लागतो. ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया थंडीत आक्रसून घट्ट कळीएवढं होतं. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. कॅपेन्सिस वरून पूर्ण वाळलं तरी कुंडी टाकून देऊ नका. वाळका भाग कापा, माती ओली ठेवा आणि काही आठवडे थांबा. मुळं जिवंत असतील तर बाजूनं हिरवा कोंब वर येतो.