खिडकी चुकीची बसली असेल तर ठेकेदाराकडून काम नीट कसं करून घ्यावं

नवी खिडकी गळायला लागली की पहिला फोन रागातच जातो आणि प्रकरण तिथेच बिघडतं. "खिडकी गळतेय" एवढ्या मोघम तक्रारीवर ठेकेदार एक माणूस पाठवतो, तो कडेने सिलिकॉन फासून निघून जातो आणि पुढच्या वाऱ्या-पावसात पाणी पुन्हा आत येतं. वेगवेगळ्या चुकांमुळे आलेलं पाणी आतून एकाच जागी दिसतं, पण प्रत्येक चुकीचा इलाज वेगळा आणि बऱ्याचदा जबाबदार माणूसही वेगळा असतो. म्हणून भांडणाआधी दोष नेमका शोधा.

आधी मोजा

मोजपट्टी, पाणसळ, टॉर्च, कागदी चिकटपट्टी आणि पाण्याचा पाइप एवढं सामान पुरतं.

चौकटीचे दोन्ही कर्ण आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा. नेहमीच्या घरगुती खिडकीत त्यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर चौकट काटकोनात नाही असं समजा. अशा खिडकीचा पल्ला एका कोपऱ्यात घासतो, दुसऱ्या कोपऱ्यात फट राहते आणि लॉक जुळत नाही. मग पाणसळ चौकटीच्या उभ्या बाजूंना दोन्ही दिशांनी लावून पाहा, कारण चौकट डावी-उजवीकडे सरळ असूनही आत किंवा बाहेर कललेली असू शकते.

नंतर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. मध्ये माप कमी भरलं तर बहुधा चौकट आणि भिंतीमधल्या फटीत भरायचा फोम जास्त भरलाय. तो फुगताना चौकटीला आत ढकलतो. मध्ये माप जास्त भरलं तर मागे पॅकिंगचे ठोकळे न देताच स्क्रू आवळलेत आणि चौकट भिंतीकडे ओढली गेलीय. स्क्रूही मोजून घ्या. कोपऱ्यापासून साधारण १५० ते २०० मिलिमीटरवर पहिला, आणि पुढे दोन स्क्रूंमध्ये ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. उभ्या बाजूच्या मध्यावर तळहाताने दाबल्यावर चौकट हलत असेल तर पकड अपुरी आहे.

पाणी कुठून येतं ते शोधा

स्लायडिंग खिडकी असेल तर खालच्या ट्रॅकमध्ये ग्लासभर पाणी ओता. ते बाहेर वाहून गेलं पाहिजे. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची छोटी भोकं असतात. बसवताना ती प्लास्टर, रंग किंवा सिलिकॉनने बुजवली की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरतं. ही चूक अगदी नेहमी होते आणि दुरुस्तीही सर्वांत सोपी आहे. कधी कधी चौकटच उलटी बसवलेली असते आणि भोकं आतल्या बाजूला येतात. तेव्हा ती काढून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही.

ट्रॅकमधलं पाणी नीट निघत असेल, तर बाहेरून पाइपने चाचणी घ्या. पाणी जोराने मारू नका, साधी धार पुरे. सुरुवात नेहमी खालून करायची: आधी खालची कडा, मग दोन्ही उभ्या कडा, मग काच आणि चौकट यांच्यामधली गास्केट म्हणजे रबरी पट्टी, शेवटी वरची कडा. प्रत्येक टप्प्यावर ५ ते १० मिनिटं थांबा आणि आत दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन उभं करा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी फट कळत नाही. शेवटी वरच्या भिंतीवरही पाणी सोडा. खिडकी कोरडी असताना ओल तिथून उतरली, तर दोष भिंतीच्या भेगेत आहे आणि खिडकीवाल्याला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

खिडकीखालचा बाहेरचा कठडा पाणसळीने तपासा. त्याचा ढाळ बाहेरच्या दिशेने हवा. ढाळ आत असेल तर कितीही सिलिकॉन मारा, पाणी चौकटीच्या बुडाशी साचून वाट काढणारच. हे काम गवंड्याचं की खिडकीवाल्याचं, हे कामाच्या कागदावरून ठरतं. पण भिंतीतलं भोक तपासूनच चौकट उभी करायची असते. वाकडं भोक दिसूनही न सांगता काम उरकलं असेल, तर खिडकीवाला पूर्ण हात झटकू शकत नाही.

काचेवरच्या दवाबाबत घाई करू नका. दुहेरी काचेत दोन काचांच्या मधोमध वाफ धरली असेल तर त्या काचेचं सील गेलंय; ती काचेच्या वॉरंटीतली बाब आहे. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दव धरत असेल तर ते बहुतेक वेळा खोलीतल्या दमट हवेमुळे असतं, बसवण्याच्या चुकीमुळे नाही. अशी तक्रार यादीत घुसडली की बाकीच्या खऱ्या तक्रारींचंही वजन घटतं.

पुरावा गोळा करा

घरातल्या खिडक्यांना क्रमांक द्या आणि पुढे सगळीकडे तेच वापरा. प्रत्येक दोषाचा एक लांबून आणि एक जवळून फोटो घ्या; जवळच्या फोटोत मोजपट्टी दिसू द्या. पाण्याच्या चाचणीचा सलग व्हिडिओ करा आणि कोणत्या कडेवर पाणी सोडताय ते बोलत राहा. कोटेशन, नकाशा, मापांचा कागद, बिलं, पैसे दिल्याच्या नोंदी आणि मेसेज एका जागी ठेवा. कोटेशनमध्ये लिहिलेली काचेची जाडी, प्रोफाइल (चौकटीच्या पट्ट्यांचा प्रकार) आणि लॉक यांचा प्रत्यक्ष मालाशी ताळा करा.

ठेकेदाराने पाहण्याआधी स्वतः काही खोदू किंवा भरू नका. नाहीतर "तुम्हीच हात लावलात" हे उत्तर त्याला आयतं मिळतं. पाणी थांबवणं भागच असेल तर फोटो काढून बाहेरून प्लास्टिक लावा आणि तसं कळवा. याला एकच अपवाद: पल्ला किंवा काच निखळायच्या बेतात असेल तर आधी ती सुरक्षित करा, खालची जागा मोकळी ठेवा, बाकी सगळं नंतर.

लेखी कळवा

फोनवर बोला, पण लगेच लेखी पाठवा. शब्द साधे आणि मोजके असू द्यात:

"क्रमांक २ च्या खिडकीच्या कर्णांत ७ मिलिमीटर फरक आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी आत येते. फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. कृपया ७ दिवसांत पाहणीसाठी यावे आणि कोणती दुरुस्ती कधी करणार ते लेखी कळवावे."

आरोप, धमकी, 'फसवणूक' असे शब्द टाळा. हे पत्र पुढे तिऱ्हाईत माणूस वाचणार आहे असं धरून लिहा.

पाहणीच्या दिवशी तीच चाचणी ठेकेदारासमोर पुन्हा घ्या. स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाहिल्यावर बहुतेक जण वाद घालत नाहीत. तो "वरून सिलिकॉन मारून देतो" म्हणाला तर तिथेच थांबवा. जुन्या मळलेल्या थरावर नवा थर धरत नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा पुसून, वाळवून, फटीत आधी फोमची गोल दोरी भरायची आणि त्यावर सिलिकॉन द्यायचं. थराची खोली फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी. दोरी नसेल तर सिलिकॉन तळालाही चिकटतं, चौकट ऊन-थंडीने हलली की ते ताणता येत नाही आणि फाटतं. सिमेंटला लागून न्यूट्रल सिलिकॉनच हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर टिकत नाही. आणि चौकटच वाकडी असेल तर सिलिकॉनचा विषयच नाही, ती सोडवून पुन्हा बसवायला सांगा.

पैसे आणि पुढची पायरी

शेवटचा हप्ता बाकी असेल तर करार वाचून, दुरुस्तीला लागेल तेवढीच रक्कम रोखा आणि कारण लेखी द्या. दहा खिडक्यांपैकी एक गळते म्हणून सगळे पैसे अडवलेत तर करार तुम्ही मोडलात असं दिसतं. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर चाचणीआधी सही मात्र करू नका. सही मागितलीच, तर बाकी दोषांची यादी त्याच कागदावर लिहा.

मुदत उलटूनही कोणी आलं नाही, तर या वादाशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. दोष, त्याचं कारण आणि इलाज हे तिन्ही त्यात हवंच. दुसऱ्यांकडून दुरुस्तीची दोन कोटेशनं घ्या. मग शेवटची नोटीस पाठवा: अमुक तारखेपर्यंत काम झालं नाही तर ते दुसऱ्याकडून करून घेऊ आणि खर्च तुमच्याकडून मागू. ही नोटीस न देता परस्पर काम उरकणं ही सर्वांत महाग पडणारी चूक, कारण मग ठेकेदाराला सुधारण्याची संधीच दिली नाही असं ठरतं.

त्यानंतर करारातलं वाद मिटवण्याचं कलम पाहा. मध्यस्थ किंवा लवाद नेमायचं ठरलं असेल तर आधी तिकडे जावं लागू शकतं. नसेल तर ग्राहक तक्रार यंत्रणा किंवा दिवाणी न्यायालय. दावा लावायला कायद्याने मुदत असते, म्हणून बोलणी चालू असली तरी ती तारीख वकिलाला विचारून ठेवा. नुसत्या बोलण्याने मुदत वाढेल असं गृहीत धरू नका.

तडजोड झाली तर कोणत्या खिडकीचं काय, कुठल्या तारखेपर्यंत, आणि दुरुस्तीवर नवी वॉरंटी किती काळ, हे लिहून दोघांनी सही करा. सिलिकॉन पूर्ण वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, मग तीच पाइपची चाचणी त्याच क्रमाने पुन्हा घ्या आणि आतली कडा कोरडी राहिली तरच उरलेले पैसे द्या.