हावर्थिया वाढवताना या चुका टाळा

हावर्थिया या मांसल पानांच्या छोट्या रोपाची पानं सुरकुतली, कडांनी आत वळायला लागली, की बहुतेकांचा हात आधी झारीकडे जातो. रोप तहानलंय असं वाटणं साहजिकच आहे. पण नेमकी हीच चूक या रोपाच्या सगळ्यात जास्त जिवावर बेतते. पानं पाणी कमी पडल्याने सुरकुततात, तशीच मुळं कुजल्यानेही सुरकुततात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. वरून दोन्ही रोपं जवळपास सारखी दिसतात. एकाला पाणी हवं असतं, दुसरं पाण्याने मरतं.

म्हणून आधी मातीत काडी खुपसा, तळापर्यंत. काडी कोरडी निघाली, कुंडी हाताला हलकी लागली, तर रोप खरोखर तहानलेलं आहे. भोकातून पाणी वाहेपर्यंत भरपूर पाणी द्या. मुळं धड असतील तर काही दिवसांत पानं पुन्हा भरतात. काडीला ओली माती चिकटली आणि तरीही पानं सुरकुतलेलीच आहेत, तर झारी बाजूला ठेवा आणि रोप कुंडीतून बाहेर काढा.

मुळांभोवतीची माती हलक्या हाताने झाडली की निदान तिथल्या तिथे होतं. हावर्थियाची निरोगी मुळं चांगली जाड, पांढरट आणि टणक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी सगळी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. बुंधा दाबून पाहा. मऊ लागला तर आतला पांढरा, कडक भाग दिसेपर्यंत कापत जा. मग रोप सावलीत, हवेशीर जागी तसंच उघडं ठेवा. चार-पाच दिवसांत कापलेली जागा कोरडी पडते. त्यानंतर कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवायचं. नवी मुळं फुटायला काही आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर पानं सुरकुतलेलीच दिसणार, आणि पाणी घालायचा मोह आवरावाच लागणार. पानांत साठलेल्या पाण्यावर रोप तेवढं तग धरतं, त्यावर विश्वास ठेवा.

मात्र एखाददुसरं वाळकं मूळ दिसलं म्हणून घाबरू नका. हावर्थिया जुनी मुळं टाकून नवी काढत असतं. तळाची पानं कागदासारखी वाळणंही नैसर्गिक आहे, ती काढून टाकली की झालं.

पाण्याचा वार ठरवणं

‘दर रविवारी पाणी’ हा नियम या रोपाला चालत नाही. हवा मध्यम असते तेव्हा ते वाढतं आणि पाणी वापरतं. पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की वाढ जवळजवळ थांबते, आणि अशा वेळी ओली राहिलेली गरम माती मुळं कुजवते. कडाक्याच्या थंडीतही पाणी कमीच लागतं. माती तळापर्यंत वाळली की पाणी, हा एकच नियम बाराही महिने पुरतो. पानांवर फवारे मारून काही मिळत नाही. उलट मधल्या पोंग्यात पाणी साचून राहिलं तर तिथूनच कूज सुरू होते. चुकून साचलंच तर कागदाने टिपून घ्या.

माती आणि कुंडी

नर्सरीतली रोपं बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. तिथे ते सोयीचं असेल, घरात नाही. वरून कोरडं वाटणारं कोकोपीट आत बरेच दिवस ओलं राहतं. रोप घरी रुळलं की निम्मी कुंडीची माती आणि निम्मं पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) किंवा भरड वाळू अशा मिश्रणात हलवा. वाळू बारीक नको, ती मातीत बसून निचरा आणखी बिघडवते.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घातला की निचरा चांगला होतो, हा समज काही केल्या जात नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच धरून ठेवलं जातं, म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यापेक्षा भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि कुंडीभर एकच मिश्रण भरा. कुंडी रोपाच्या घेरापेक्षा बोटभर मोठी असली की पुरे. बिनभोकाच्या शोभेच्या भांड्यात लावू नका, आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत तर मुळीच नाही.

उजेडाची दोन टोकं

हावर्थिया मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे ते झुडपांच्या, खडकांच्या आडोशाला वाढतं. काही जाती तर पानांची पारदर्शक टोकं तेवढी वर ठेवून बाकी अंग मातीत खेचून घेतात. त्यामुळे ‘सक्युलंट (पानांत पाणी साठवणारं रोप) आहे ना, मग ठेवा उन्हात’ हे इथे लागू पडत नाही. दुपारच्या कडक उन्हात पानं आधी लालसर-तपकिरी होतात. हा ताण आहे, जागा बदलली की रंग परततो. पांढरे किंवा तपकिरी वाळके चट्टे मात्र भाजल्याचे असतात, ते पान असेपर्यंत राहतात.

दुसऱ्या टोकाला खोलीतला अंधारा कोपरा. तिथे रोप मरत नाही म्हणून लोकांना ते मानवलंय असं वाटतं. पानं लांबुळकी, फिकट होतात आणि घट्ट गुच्छ पसरट होऊन उघडतो. लांबलेली पानं पुन्हा आखूड होत नाहीत, नवी तेवढी नीट येतात. सकाळचं कोवळं ऊन येणारी खिडकी सगळ्यात उत्तम. अंधारातलं रोप तिथे एकदम नेऊ नका, दोनेक आठवडे घेऊन हळूहळू सरकवा.

कीड, खत, फूल

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मिलीबग. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून पुसून काढा आणि आठवड्याने पुन्हा पाहा, एका फेरीत तो जात नाही. याचीच एक जात मुळांवर राहते. पाणी-उजेड सगळं ठीक असूनही रोप खंगत असेल तर मुळं तपासा.

खताची फार काळजी नको. वाढीच्या दिवसांत कधीतरी अर्ध्या ताकदीचं पातळ खत दिलं तरी चालतं.

लांब, बारीक दांडा येऊन छोटी पांढरी फुलं लागली की काहींना रोप आता मरणार अशी धास्ती वाटते. तसं होत नाही. फुलं सरली, दांडा वाळला की तो आपसूक ओढून निघतो.

पिल्लं लवकर तोडणं

आईच्या बुंध्याशी पिल्लू दिसलं की ते वेगळं करायची घाई होते. आईच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं झालं आणि त्याला स्वतःची मुळं फुटली, मगच ते सुटं करा. पानापासून रोप करायचं तर बुंध्याचा थोडा भाग पानासोबत यायला हवा, नुसतं मधून तुटलेलं पान सहसा कुजतं. सुटं केलेलं पिल्लू दोन-तीन दिवस सावलीत वाळवून लावा, आणि पहिलं पाणी आठवडाभराने द्या.