निराधारचा पगार नेमका कुठे अडकतो? जुनी सरकारी सिस्टीम बदलताना या चुका टाळा

नवीन पोर्टल आलं की तहसीलबाहेर गर्दी होते आणि सगळे म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर होतो हो चालू, पण डेटा चुकला की माणूस महिनोनमहिने अडकतो. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळचे पैसे २०२४ च्या अखेरीपासून डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारला जोडलेल्या खात्यात जायला लागले, त्याआधी तहसीलमधून बँकेला यादी जायची. बदल चांगलाच आहे, मधले हात कमी झाले. पण हे काम ज्यांच्याकडे येतं, मग ते व्हेंडरकडे असोत नाहीतर तहसीलच्या टेबलावर, त्यांनी हे आधी बघा, कारण इथे एक ओळ चुकली की कुणाच्या तरी गोळ्या थांबतात.

जुनी यादी आहे तशी अपलोड करू नका. आपल्याकडच्या कितीतरी याद्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत, नाहीतच, श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाईप झाल्यात. कन्व्हर्टरमधून काढल्या की बाकी सगळं ठीक दिसतं पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी इकडची तिकडे होते, वाचणाऱ्याला नाव कळतं पण मशीनसाठी तो दुसराच माणूस झाला. मग येतं एक्सेल. खाते नंबर साधा आकडा म्हणून टाकला तर सुरुवातीचा शून्य उडतो, आणि एक्सेल १५ च आकडे धरून ठेवतं त्यामुळे १६ आकडी खात्याचा शेवटचा आकडा गुपचूप ० होऊन बसतो. नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही, मूळ यादीच पुन्हा आणावी लागते. म्हणून आधी कॉलम टेक्स्ट करा, मग पेस्ट करा.

आधार नंबरचा शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेला, त्यामुळे टाईप करताना झालेल्या बहुतेक चुका अपलोड करायच्या आधीच पकडता येतात, हे साधं व्हॅलिडेशनसुद्धा बरेच जण लावत नाहीत. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांकडून आलेल्या डेटात अनेक शेतकऱ्यांसमोर एकच आधार नंबर निघाला होता, तेव्हा डुप्लिकेट तपासणी पहिल्या दिवशी करा, पैसे वाटायच्या आदल्या रात्री नको.

नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळलीच पाहिजे हा हट्ट सोडा. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर डीएनने सुरू होतं आणि पासबुकात जीवायने. बाईचं आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डवर सासरचं. आणि तारीख? शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून एकीकडे, आणि आधार काढताना नुसतं वय सांगितलं म्हणून पडलेली १ जानेवारी दुसरीकडे. म्हातारीला आपली खरी तारीख माहीतच नसते, तिने कुठून जुळवून आणायची? न जुळलेली केस माणसाने बघायच्या यादीत जाऊ दे, आणि ती बघून होईपर्यंत पैसे चालू ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे माहिती जुळत नाही याचा अर्थ माणूस खोटारडा असा लावणं. अमेरिकेत मिशिगन राज्याने २०१३ मध्ये बेकारभत्त्यासाठी मिडास नावाची सिस्टीम आणली, ती आपोआप फसवणुकीचा ठपका ठेवायची, आणि राज्याने नंतर स्वतः तपासलेल्या अशा हजारो केसेसपैकी ९३ टक्के ठपके चुकीचे निघाले. ऑस्ट्रेलियात सरकारी भत्त्याची आपोआप वसुली काढणाऱ्या रोबोडेट योजनेत टॅक्स खात्याकडची वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटली आणि आकडा जुळला नाही की थेट वसुलीची नोटीस, २०२३ च्या रॉयल कमिशनने त्याला क्रूर म्हटलं. आपल्याकडे ऊसतोड मजुराचं बघा, उचल एकदम मिळते, हंगाम संपला की बाकीचे महिने मिळेल ते काम, त्याचं उत्पन्न असं बाराने भागून काय कळणार आहे.

जुनी सिस्टीम लगेच बंद करू नका, निदान काही महिने दोन्ही चालवा आणि दर महिन्याला दोन्हीकडच्या याद्या समोरासमोर ठेवून कोण गळलं ते बघा. आणि जुनं चालवणारी माणसं सांभाळा. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याचे अर्ज वाढले तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा येणारे लोक हवेत म्हणून जाहीर आवाहन करावं लागलं होतं. आपल्याकडे तहसीलचा तो जुना अव्वल कारकून रिटायर होतो आणि कुठल्या केसला कुठला जीआर लागतो हे त्याच्याबरोबरच जातं, त्याला टीममध्ये बसवून ते सगळं लिहून घ्या.

आता 'पोर्टलवर पैसे जमा दाखवतंय पण खात्यात नाहीत' ही तक्रार. बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, दुसऱ्याच बँकेत. डीबीटीचा पैसा एनपीसीआय या पेमेंट चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेला जोडलाय त्या यादीत, जी बँक शेवटची जोडली असेल तिथे जातो, आणि आजोबा जुनंच पासबुक घेऊन रांगेत उभे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे मॅपिंग झालं असं नसतं, त्याची संमती वेगळी द्यावी लागते. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठे जोडलाय ते, बघितलं की बँकेचं नाव दिसतं, फक्त त्यासाठी ओटीपी लागतो आणि मोबाईल लिंक नसेल तर गाडी तिथेच थांबते. म्हणून हे स्टेटस आणि पेमेंट परत आलं असेल तर त्याचं कारण तहसीलच्या आणि सेतूच्या स्क्रीनवर मराठीत दिसायलाच पाहिजे, 'खातं बंद आहे', 'आधार दुसऱ्या बँकेला जोडलंय', इतकं सरळ. नुसता एरर कोड दाखवला तर ऑपरेटर 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो, आणि एसटीचं भाडं खर्चून आलेला माणूस तसाच परत जातो.