७००-आर४ (जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) : तिसरा गिअर घसरतो, चौथा लागतच नाही

न्यू जर्सीतल्या माझ्या १९८७ च्या पिकअपचे पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठणठणीत. तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडायचं, चौथा गायब. गिअरबॉक्सचे तेल-फिल्टर दोनदा बदलून पाहिले. तेल पुन्हा काळं, वास जळका. अक्षरशः वैताग.

जळला होता तीन-चारचा क्लच (तिसऱ्या-चौथ्या गिअरला लागणारा), पण मूळ दुखणं टीव्ही केबलचं (थ्रॉटल व्हॉल्व्हची, दूरदर्शनची नव्हे; थ्रॉटल किती उघडलाय त्यानुसार ती गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ठरवते). कार्बोरेटर मीच बदलला होता. त्यात केबलची ओढ चुकली आणि तेलाचा दाब पडला.

गिअरबॉक्स उतरवला. इनपुट ड्रममध्ये (क्लच बसतात त्या डब्यात) तेलात भिजवलेल्या नव्या क्लच प्लेटा आणि पिस्टनची नवी सीलं घातली, प्लेटांची फट सुमारे १ मिमी ठेवली. कॉम्प्रेसरची हवा देऊन क्लच 'ठक्क' बसतो ना, ते ऐकलं. पंपात तेलाचा दाब वाढवणारा ०.५०० इंची बूस्ट व्हॉल्व्ह टाकला. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा) नवा घेतला, तेलाच्या कूलरच्या नळ्या धुतल्या. इथे कंजुषी नको. कार्बोरेटरला केबलचा योग्य ब्रॅकेट लावला.

मग इंजिन बंद ठेवून केबलचं बटण दाबलं, स्लायडर थ्रॉटलपासून दूर, पूर्ण मागे ढकलला, बटण सोडलं आणि थ्रॉटल हाताने पूर्ण उघडला. टकटक करत केबल आपोआप जागेवर बसली.