शंभर खाटांचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी

तालुक्याच्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करायचे ठरले, की प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर ५० किंवा १०० हा आकडा लिहून टाकण्याची घाई होते. त्याआधी हिशेब मांडावा. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत दर ५० लोकांमागे वर्षाला एक जण दाखल होतो आणि सरासरी पाच दिवस राहतो, असे धरले आहे. अडीच लाख वस्तीसाठी याचे ५,००० रुग्ण आणि २५,००० खाट-दिवस होतात. त्याला ३६५ ने भागल्यास साधारण ६९ खाटा येतात, आणि सरासरी ८० टक्केच खाटा भरलेल्या राहाव्यात असे धरले तर गरज ८६ खाटांची ठरते. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेतून जशीच्या तशी उचलू नये. गळीत हंगामात मुक्कामाला येणारी ऊसतोड कुटुंबे आणि शेजारच्या तालुक्यातील सीमेवरची गावे वेगळी धरावीत.

त्यानंतर सध्याच्या रुग्णालयाची किमान तीन वर्षांची आंतररुग्ण नोंदवही घेऊन मध्यरात्रीच्या गणतीचे, म्हणजे रात्री बाराला किती रुग्ण दाखल होते त्याचे, आकडे महिन्यावार लिहून काढावेत. मी आधी पावसाळ्याची पाने उघडतो, कारण तापाची साथ असली की खाट क्रमांकाच्या रकान्यात तिसानंतर आकडा नसतो, ‘जमिनीवर’ एवढेच लिहिलेले असते. वर्षाच्या सरासरीत ही माणसे दिसत नाहीत. जागेअभावी १०८ ने पुढे पाठवलेले रुग्ण तर या वहीतही नसतात, म्हणून संदर्भसेवेची नोंदवही सोबत तपासावी.

एकूण आकडा मिळाला तरी वाटणी उरते, आणि खरी चूक तिथेच होते. प्रसूतिपश्चात कक्षात खाट रिकामी असली तरी ती पुरुष रुग्णाला देता येत नाही, त्यामुळे लहान कक्षांना ८० टक्क्यांचा नियम लावला तर बाळंतिणींना ऐन गर्दीत एका खाटेवर दोघींना झोपावे लागते. सिझेरियन झालेल्या बाईची खाट आठवडाभर अडते, हेही धरावे. प्रसूतीची टेबले आणि ओपीडीतील तपासणीच्या खाटा मंजूर खाटांत मोजू नयेत.

ऑक्सिजनची वाहिनी, स्वच्छतागृहे आणि नातेवाइकांच्या मुक्कामाची जागा अंतिम खाटसंख्येनुसारच आखावी. पदनिर्मितीचा प्रस्ताव बांधकामासोबतच पाठवावा आणि तिन्ही पाळ्या, साप्ताहिक सुट्या व रजा धरून परिचारिकांची पदे मागावीत. पदे टप्प्याने मिळणार असतील तर कक्षही त्याच टप्प्याने उघडावेत, आणि पहिला प्रसूतीचा असावा.